पितळी अ‍ॅस्ट्रोलेब आणलाय ना, मग त्यावर वेळ काढून बघा

अ‍ॅस्ट्रोलेब म्हणजे सूर्य-ताऱ्यांच्या उंचीवरून वेळ काढायचं जुनं यंत्र. त्याची पितळी प्रतिकृती बरेच जण हौसेने घेतात आणि शोकेसमध्ये ठेवून देतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. महेंद्र सूरी या जैन ज्योतिर्विदांनी १३७० मध्ये यावर संस्कृतात ग्रंथ लिहिला, त्याचं नावच 'यंत्रराज'. वापरायची वस्तू आहे ही.

सगळ्यात आधी पुढच्या बाजूच्या फिरत्या, कोरीव जाळीखालची तबकडी बघा, ती ठराविक अक्षांशासाठीच कोरलेली असते, पुण्याला साधारण साडेअठरा अंश, मुंबईला एकोणीस. माझ्या पहिल्या पीसमध्ये ५२ ची निघाली, म्हणजे पार इंग्लंडकडची, दोन रविवार गेले तरी वेळ जुळेना.

आता सकाळी नऊच्या सुमारास उन्हात या (दुपारी बारा वाजता नको, तेव्हा सूर्याची उंची फारशी बदलत नाही त्यामुळे वेळ नीट निघत नाही). कडी अंगठ्यात अडकवून यंत्र लोंबकळू द्या, हलायचं थांबू द्या. मागच्या फिरत्या पट्टीला दोन उभे कान असतात, दोघांना एकेक भोक. त्यातून सूर्याकडे अजिबात बघायचं नाही, डोळे जातील! पट्टी हळूहळू फिरवा, वरच्या भोकातून उजेडाचा ज्वारीच्या दाण्याएवढा ठिपका खालच्या कानावर पडतो, तो सरकत बरोबर खालच्या भोकावर आला की थांबा आणि कडेचे अंश वाचा. ही सूर्याची उंची.

मग मागच्याच बाजूला आजच्या तारखेसमोरची रास आणि अंश बघा. इथे पंचांगातली रास चालत नाही, पंचांग निरयण (राशी ताऱ्यांवरून मोजणारं), हे यंत्र सायन (वसंत संपातापासून मोजणारं), मेषेचा शून्य अंश २१ मार्चच्या आसपास हवा. तो १२ मार्चला दिसला तर जुनं ज्युलियन कॅलेंडर तसंच कॉपी केलंय, आजची तारीख आठ-नऊ दिवस मागे धरा.

पुढच्या बाजूला जाळीतल्या राशींच्या वर्तुळावर तो अंश शोधा, जाळी फिरवून तो तबकडीवरच्या, मघाशी मोजलेल्या सूर्याच्या उंचीच्या रेषेवर आणा, सकाळी डावीकडे, दुपारनंतर उजवीकडे. त्यावर पुढची पट्टी ठेवली की कडेला वेळ मिळते.

ही सूर्याची वेळ, घड्याळाची नाही. पुण्यात ३५ मिनिटं मिळवा, मुंबईत ३८-३९, शिवाय ऋतूप्रमाणे फरक पडतो, नोव्हेंबरच्या सुरुवातीला १६ मिनिटं वजा, फेब्रुवारीच्या मध्यात १४ अधिक. छोट्या प्रतिकृतीत एक अंश चुकला तरी चार-पाच मिनिटं जातात, त्यामुळे दहा मिनिटांच्या आत आलात तर मस्तच जमलं.

रात्री त्याच भोकांतून ध्रुवतारा बघा, तिथे डोळा लावायला हरकत नाही, त्याची उंची तुमच्या गावाच्या अक्षांशाच्या अंशभर इकडेतिकडे आली की मागची पट्टी बरोबर आहे.