मुंबईचं विमान रात्री दीडचं, तर पुण्यातली तयारी कधीपासून?

कोविडसारख्या साथीच्या काळात परदेशी जायचं असेल तर विमान सुटायच्या तारखेपासून मागे मोजत या. २०२१ च्या डिसेंबरात आई-बाबांना ताईच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला धाडलं, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर मी लाल पेनाने असे उलटे आकडे लिहिले होते. बॅगा दोन दिवसांत भरल्या. कागद जुळवायला दीड महिना लागला. साथ पुन्हा आलीच तर नियम निराळे असतील, पण कागद कुठे अडतो ती ठिकाणं तीच राहतील. म्हणून तेव्हाची यादी काढून बसले आहे.

तिकीट काढण्याआधी विमान नक्की जातंय का, आणि आपल्याला नेणार का, ते बघा. भारताने नियमित आंतरराष्ट्रीय प्रवासी उड्डाणं २०२० च्या मार्चमध्ये थांबवली, ती २०२२ च्या २७ मार्चला पूर्ववत झाली. मधल्या काळात आधी वंदे भारत (अडकलेल्यांना आणणारी सरकारी उड्डाणं), मग एकेका देशाशी केलेले ‘एअर बबल’. बबल म्हणजे दोन देशांपुरता करार. त्या विमानाने पुढे तिसऱ्या देशात जाता येईलच असं नसे, आणि स्वस्त तिकिटाच्या मोहात लोक नेमके इथे फसत. वाटेत विमान बदलायचं असेल तर त्या देशाचे नियमही वाचा, अगदी विमानतळाबाहेर पाऊल टाकणार नसलात तरी. लोहगावच्या, म्हणजे पुण्याच्या विमानतळाच्या, भरवशावरही राहू नका. धावपट्टी हवाई दलाची आहे. २०२१ मध्ये १६ ते २९ ऑक्टोबर असे १४ दिवस ती दुरुस्तीसाठी बंदच होती. आम्ही मुंबईच धरून चाललो.

पासपोर्ट आधी काढून बघा. परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक असले की बहुतेक ठिकाणी प्रश्न येत नाही. नूतनीकरण करायचं असेल तर मुंढव्याच्या केंद्राची वेळ आजच घ्या, आणि नवा नंबर आला की लशीच्या प्रमाणपत्रावरचा नंबरही बदलायचा आहे, हे त्याच कागदावर लिहून ठेवा.

लशीचं गणित सगळ्यात लांबचं, म्हणून ते सगळ्यात आधी. तेव्हा कोविशील्डच्या दोन डोसांत ८४ दिवस, आणि अमेरिकेच्या हिशेबाने दुसऱ्या डोसनंतर आणखी १४ दिवस गेले की माणूस ‘पूर्ण लसवंत’. म्हणजे पहिल्या सुईपासून ९८ दिवस. शिकायला जाणाऱ्या मुलांसाठी जून २०२१ पासून ८४ चे २८ झाले, म्हणून आमच्या सोसायटीतली दोन पोरं वेळेत पोचली. कोव्हॅक्सिनवाल्यांचे हाल वेगळे: जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता ३ नोव्हेंबर २०२१ ला आली आणि अमेरिकेने अशा मान्य लशी घेतलेल्यांना दार उघडलं ८ नोव्हेंबरला. पाच दिवसांवर निभावलं.

लस चालते आणि प्रमाणपत्र चालतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुणेकरांना हे ब्रिटनने शिकवलं. कोविशील्ड आपल्या मांजरीच्या सीरम इन्स्टिट्यूटची, मूळ संशोधन त्यांच्याच ऑक्सफर्डचं. तरी तिचं नाव त्यांच्या यादीत २२ सप्टेंबर २०२१ ला आलं, आणि भारतात दिलेलं प्रमाणपत्र ग्राह्य धरायला ११ ऑक्टोबर उजाडला. तोवर हडपसरच्या पलीकडे तयार झालेली लस दंडात घेतलेला माणूस लंडनला पोचून दहा दिवस विलगीकरणात. तेव्हा दूतावासाच्या पानावर लशीचं नाव दिसलं म्हणून थांबू नका, कागद कुणी दिलेला चालतो तेही शोधा.

नाव जुळवायला एक अख्खी दुपार राखून ठेवा. आईच्या पासपोर्टवर बाबांचं नाव मधे घालून पूर्ण नाव, आधारवर नुसतं नाव आणि आडनाव. कोविनवर (लशीच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ) नोंदणी आधारवरून झालेली, म्हणून प्रमाणपत्रही तसंच. दुरुस्तीची सोय होती, पण नावासाठी एकदाच. तेव्हा पासपोर्ट समोर उघडा ठेवून एकेक अक्षर बोट लावून वाचा, दुसऱ्याकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि मगच बटण दाबा. संपूर्ण जन्मतारीख आहे ना तेही बघा. सुरुवातीच्या प्रमाणपत्रांवर ती नव्हती.

आता चाचणी. इथे तास आणि दिवस यांत गल्लत करू नका. भारतात परतताना ७२ तास होते, दुबईला जाताना ४८ तास आणि वर विमानतळावर पुन्हा एक रॅपिड पीसीआर. अमेरिकेने ६ डिसेंबर २०२१ पासून ‘एक दिवस आधी’ असं केलं, आणि हा दिवस म्हणजे २४ तास नव्हेत, कॅलेंडरवरचा दिवस. आमचं विमान शुक्रवारी पहाटे दीडचं. म्हणजे बुधवारचा नमुना बाद, गुरुवारचाच हवा. मुंबईला रात्री साडेनऊपर्यंत पोचायचं, घाटात गाडी अडकली तर म्हणून घरून साडेचारला निघायचं. म्हणजे सकाळी सातला नमुना आणि चारच्या आत अहवाल. आरटीपीसीआर वेळेत येईल याची खात्री कुणी देईना. अमेरिकेला झटपट निकाल देणारी अँटिजेन चाचणीही चालत होती, म्हणून दोन्ही करून घेतल्या. (लोणावळ्याच्या मायलॅबचं घरगुती किट कपाटात होतं, पण कुणाच्या देखरेखीशिवाय घरी केलेली चाचणी धरत नसत.) अँटिजेनचा अहवाल नऊला हातात आला, आईच्या नावापुढे बाबांचं वय छापून! प्रयोगशाळेत परत जाऊन दुरुस्त करेपर्यंत बारा वाजले. अहवालावर पूर्ण नाव, जन्मतारीख किंवा पासपोर्ट नंबर, चाचणीचा प्रकार, नमुन्याची तारीख आणि प्रयोगशाळेचं नाव आहे ना, हे काउंटरवरून हलण्याआधीच बघा.

चेक-इनला बसलेली मुलगी तुमच्याशी वाद घालणार नाही, ती टायमॅटिकच्या (देशोदेशीचे प्रवेशाचे नियम दाखवणारी विमान कंपन्यांची प्रणाली) पडद्यावर बघेल. नियमात न बसणारा प्रवासी नेला तर परत आणायची जबाबदारी कंपनीवर येते, म्हणून तिथे जे दिसतं तेच खरं. निघायच्या आदल्या दिवशी विमान कंपनीचं पान पुन्हा उघडा, आणि सगळे कागद छापून न्या. फोनची बॅटरी संपली की क्यूआर कोडही संपला.

विम्यात कोविडचं रुग्णालय धरलंय का, आणि आधीपासूनच्या मधुमेह-रक्तदाबाचं काय, हे लेखी घ्या. शेंगेनला (युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा) किमान ३०,००० युरोचं कवच लागतंच. औषधं मुक्कामापेक्षा महिनाभर जास्त, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव. मेतकूट-भाजणीचं तुमचं तुम्ही बघा.

राज्याचे नियम विसरू नका. २०२१ च्या एप्रिलअखेरीस जिल्ह्याबाहेर जायलाच ई-पास लागत होता, म्हणजे हाती व्हिसा असून पुणे सोडायला वेगळी परवानगी.

आणि परतीचं आधीच ठरवा. एअर सुविधाचा, म्हणजे भारतात परतणाऱ्यांनी भरायचा तेव्हाचा ऑनलाइन अर्ज तिकडून भरायचा होता, म्हणून ते काम ताईकडे सोपवलं. ११ जानेवारी २०२२ पासून सुमारे महिनाभर परतणाऱ्या प्रत्येकाला सात दिवस घरी बसावं लागत होतं. तेव्हा एक किल्ली शेजारी ठेवा, सिलिंडर भरलेला असू द्या आणि दूधवाल्याचा नंबर निघायच्या आधीच कुणाला तरी देऊन ठेवा.