शेपटीच्या मुळाशी केस गेलेत? आधी पिसवा तपासा
कुत्र्याचे केस कमरेवर, शेपटीच्या मुळाशी विरळ होत असतील आणि तो तिथेच सारखा चावत असेल, तर शाम्पू बदलण्याआधी पिसवा शोधा. बारीक दातांच्या फणीने विंचरा, निघालेला काळा चुरा ओल्या पांढऱ्या कापसावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती माती नव्हे, पिसवांची विष्ठा; त्यात कुत्र्याचंच रक्त असतं. पिसवांच्या चाव्याची अ‍ॅलर्जी असेल तर एवढा त्रास व्हायला त्यांचे दोन-चार चावेही पुरतात. अंथरूण गरम पाण्याने धुवा. जळकं ऑइल किंवा फिनाईल कृपा करून लावू नका, तो ते चाटतो. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा. पिसवांवरची कुत्र्यांची काही औषधं मांजराच्या जिवावर बेततात.