एका पोरासाठी अख्खा ड्राफ्ट ओवाळून टाकू नका

दर उन्हाळ्यात, आमच्या फँटसी फुटबॉलच्या ड्राफ्टच्या म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या आधी, मला हा फोन येतो. (पिक म्हणजे त्या ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडायची पाळी.) "काका, दोन नंबरचा पिक मिळतोय. समोरचा यंदाचे दोन आणि पुढच्या दोन वर्षांचे पहिल्या राउंडचे पिक्स मागतोय. देऊन टाकू का?" विचारणाऱ्याने मनातून ते कधीच देऊन टाकलेले असतात. त्याला फक्त मान डोलावणारं कुणीतरी हवं असतं. मी मान डोलावत नाही, म्हणून आमच्या लीगमध्ये मला खडूस म्हणतात. चालेल.

न्यू जर्सीत आमची बारा मराठी घरांची डायनॅस्टी लीग आहे आणि २०१३ पासून तिचा कमिशनर मी आहे. ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी सांगतो. तुमच्या कागदावरच्या संघातले एनएफएलचे (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे) खेळाडू वर्षानुवर्षं तुमच्याकडेच राहतात, आणि कॉलेजातून नव्याने आलेल्या पोरांचा दर ऑगस्टला चार राउंडचा म्हणजे चार फेऱ्यांचा ड्राफ्ट होतो. एनएफएलसारखंच, जो जास्त हरतो त्याची पाळी आधी. पुढच्या वर्षांचे पिक्सही विकता येतात. म्हणजे खऱ्या संघांचे जनरल मॅनेजर जी चूक कोट्यवधी डॉलरांत करतात, ती आपण तळघरात बसून वर्गणीच्या पैशांत करतो. चूक मात्र तीच.

पुढच्या वर्षीचा पिक फुकटचा समजणे

सगळ्यात जास्त घरं बुडाली ती इथे. यंदाचा पिक देताना हात थरथरतो, कारण त्याच्यावर नंबर लिहिलेला असतो. पुढच्या वर्षीच्या पिकवर नंबर नसतो, म्हणून तो हलका वाटतो. आणि हा पोरगा आला की आपण जिंकणारच, मग तो पिक शेवटच्या नंबरच्या आसपासच पडणार, असं आपण स्वतःला पटवतो.

१९९९ साली न्यू ऑर्लिन्स सेंट्सचे कोच माइक डिट्का यांनी हेच केलं. टेक्सास विद्यापीठाचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) रिकी विल्यम्स त्यांना हवा होता, आणि त्याच्यासाठी अख्खा ड्राफ्ट देईन असं ते उघडपणे बोलून बसले होते. पाचव्या नंबरसाठी त्यांनी वॉशिंग्टनच्या संघाला त्या वर्षीचे हातातले सगळे पिक्स दिले, वर २००० सालचे पहिल्या आणि तिसऱ्या राउंडचे दिले. एकूण आठ. त्या ड्राफ्टमध्ये सेंट्सनी एकच खेळाडू निवडला. संघ आदल्या वर्षी ६ जिंकून १० हरलेला होता. एका रनिंग बॅकने तो कसा उभा राहणार? मोसम संपला ३-१३ वर, डिट्कांची नोकरी गेली, आणि जो पिक शेवटाकडे पडेल असं वाटलं होतं तो पडला दोन नंबरवर. वॉशिंग्टनने त्यावर बचावातला लाइनबॅकर लव्हार अ‍ॅरिंग्टनला घेतलं.

ज्या वॉशिंग्टनने हा फायदा उचलला, त्यांनीच २०१२ मध्ये क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, संघाचा मुख्य खेळाडू) रॉबर्ट ग्रिफिन थर्डसाठी सेंट लुइस रॅम्सना तीन वर्षांचे तीन पहिल्या राउंडचे आणि एक दुसऱ्या राउंडचा पिक दिला. पहिलं वर्ष झकास गेलं: १०-६, विभागात पहिले, ग्रिफिन वर्षाचा सर्वोत्तम नवोदित. जानेवारी २०१३ मध्ये सिअ‍ॅटलविरुद्धच्या प्लेऑफ सामन्यात त्याचा गुडघा गेला. पुढचा मोसम ३-१३. रॅम्सकडे गेलेला शेवटचा पिक कितवा पडला? पुन्हा दोन नंबर. डिसेंबर २०१४ मध्ये रॅम्स वॉशिंग्टनला खेळायला गेले तेव्हा नाणेफेकीला त्यांनी कर्णधार म्हणून सहा खेळाडू पाठवले, सहाही त्याच व्यवहारातून आलेले. सामना रॅम्सनी २४-० जिंकला. ती सहा जणांची रांग मैदानाच्या मधोमध चालत जाताना मी टीव्हीवर पाहिली आहे. नवीन पोरांना मी आधी तीच गोष्ट सांगतो.

एवढं होऊनही २०२३ मध्ये कॅरोलायना पँथर्सनी क्वार्टरबॅक ब्राइस यंगसाठी शिकागो बेअर्सना त्या वर्षीचे दोन पिक्स, २०२४ चा पहिल्या राउंडचा, २०२५ चा दुसऱ्या राउंडचा आणि शिवाय डीजे मूरसारखा तयार रिसीव्हर दिला. नव्या क्वार्टरबॅकने चेंडू फेकायचा कुणाकडे, तर जो संघातला सर्वात चांगला झेल घेणारा तोच देऊन बसले. २-१५. दिलेला पिक पडला थेट एक नंबरवर, आणि शिकागोने त्यावर केलेब विल्यम्स घेतला.

माझी सवय साधी आहे. पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा पिक द्यायची वेळ आली की मी तो तीन नंबरचा आहे असं धरून वहीत लिहितो. तीन नंबरचा म्हणूनही द्यावासा वाटला तर देतो. आजवर दोनदाच दिला.

"काका, दहा वर्षांची काळजी मिटली"

ऑगस्ट २०२१. आमच्या तळघरात ड्राफ्ट, टेबलावर बटाटेवडे, भिंतीवर मी हाताने आखलेला तक्ता. पुण्याहून येऊन दोनच वर्षं झालेला एक पोरगा होता, कामात हुशार, बोलायला गोड, पण धीर अजिबात नाही. त्या एप्रिलला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सनी बाराव्या नंबरवरून तिसऱ्यावर यायला मायामीला आणखी दोन पहिल्या राउंडचे आणि एक तिसऱ्या राउंडचा पिक देऊन ट्रे लान्सला घेतलं होतं. आमच्या लीगमध्ये दोन क्वार्टरबॅक खेळवता येतात, त्यामुळे क्वार्टरबॅकला सोन्याचा भाव. या पोराने लान्ससाठी त्या वर्षीचे पहिले दोन राउंड आणि २०२२, २०२३ चे पहिल्या राउंडचे पिक्स देऊन टाकले. म्हणाला, "काका, दहा वर्षांची काळजी मिटली." मी हातातला मार्कर बंद केला, तक्त्यावर त्याचे चार रकाने खोडले, आणि गप्प बसलो. तेव्हा बोलायला हवं होतं. लान्स कॉलेजात एकच पूर्ण मोसम खेळला होता. २८ टचडाउन पासेस, इंटरसेप्शन (समोरच्याने पकडलेला पास) एकही नाही, आकडे देखणेच होते. पण त्यानंतर कोविडच्या वर्षात एक सामना, बस्स. एवढ्यावर तीन वर्षं गहाण टाकायची नसतात.

१८ सप्टेंबर २०२२ ला सिअ‍ॅटलविरुद्ध पहिल्याच क्वार्टरमध्ये लान्सचा घोटा मोडला. त्या खेळाडूचा बिचाऱ्याचा काय दोष? आमचा पुण्याचा पोरगा तेव्हा आमच्याच सोफ्यावर होता. त्याने ताट खाली ठेवलं आणि सामना संपेपर्यंत बोलला नाही.

फोर्टीनाइनर्सचं पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. त्याच वर्षीच्या ड्राफ्टमध्ये अगदी शेवटी, २६२ व्या नंबरवर घेतलेला ब्रॉक पर्डी उभा राहिला आणि पुढच्या मोसमात संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला. लोक म्हणतात, बघा, एवढे पिक्स देऊनही काही बिघडलं नाही. बिघडलं नाही कारण संघ आधीच भक्कम होता. त्यांनी मायामीला दिलेले दोन्ही पुढचे पिक्स २९ व्या नंबरवर पडले. या पोराचा संघ भक्कम नव्हता. त्याने दिलेले पिक्स पडले दोन आणि तीनवर. खेळवायला माणसं नाहीत, घ्यायला पिक्स नाहीत. २०२३ च्या ऑक्टोबरपासून त्याने संघ लावणंच सोडलं.

आणि अर्धवट सोडलेला संघ ही एकट्याची अडचण राहत नाही. त्याच्याशी ज्याचा सामना पडतो त्याला फुकटचा विजय मिळतो, बाकीच्यांचा मोसम नासतो. बिनपिक्सचा संघ घ्यायला नवीन माणूसही मिळत नाही. मी चार महिने शोधत होतो. तेव्हापासून नियम केला: ज्या वर्षाचा पहिल्या राउंडचा पिक विकायचा, त्या वर्षाची वर्गणी आधी भरायची. यामुळे निम्मे व्यवहार आपोआप थांबले. तुम्ही लीग चालवत असाल तर हा नियम आजच करा.

"हाच तो" म्हणणे

२०१७ मध्ये शिकागोने फक्त एक पायरी वर, तीनवरून दोनवर यायला तीन जादा पिक्स दिले आणि क्वार्टरबॅक मिच ट्रुबिस्की घेतला. त्याच संध्याकाळी दहाव्या नंबरवर गेला पॅट्रिक माहोम्स, जो पुढे त्याच्यापेक्षा कितीतरी मोठा क्वार्टरबॅक ठरला. २०१२ मध्ये वॉशिंग्टनने ग्रिफिनसाठी तिजोरी रिकामी केली तेव्हा पुढे नावाजलेला क्वार्टरबॅक रसेल विल्सन तिसऱ्या राउंडमध्ये ७५ वा गेला, आणि क्वार्टरबॅक कर्क कझिन्सला तर वॉशिंग्टननेच चौथ्या राउंडमध्ये घेतलं! रिकी विल्यम्सच्या एक नंबर आधी गेलेला एजरिन जेम्स पहिली दोन्ही वर्षं धावून मिळवलेल्या यार्डांत लीगमध्ये पहिला आला.

अर्थशास्त्रज्ञ रिचर्ड थेलर आणि संशोधक केड मॅसी यांनी जुने ड्राफ्ट तपासले. एकाच जागेवर खेळणारे, लागोपाठ निवडलेले दोन खेळाडू घेतले तर आधी निवडलेला सरस निघण्याची शक्यता त्यांना सुमारे ५२ टक्के आढळली. म्हणजे जवळजवळ छापा-काटा. वर चढण्यासाठी मोजलेली किंमत तेवढ्या फरकाची असते का, हे ज्याने त्याने ठरवावं. मी ड्राफ्टच्या आदल्या रात्री कागदावर दुसऱ्या पसंतीचं नाव लिहितो आणि त्याच्यापुढे तो कितव्या नंबरला मिळेल ते. बहुतेकदा तो माझ्याच पिकवर मिळणार असतो, मग प्रश्नच मिटतो.

माहोम्सचा दाखला देणे

"माहोम्ससाठीही पिक्स दिलेच होते ना?" हा दाखला ऐकून मी थकलोय. कॅन्सस सिटी चीफ्सनी बफलोला दिलं काय? २७ वा, तिसऱ्या राउंडचा एक, आणि पुढच्या वर्षीचा पहिल्या राउंडचा. एकूण तीन. आदल्या मोसमात संघ १२-४ होता, त्यामुळे पुढचा पिक खाली पडणार हे जवळपास ठरलेलं. अ‍ॅलेक्स स्मिथसारखा क्वार्टरबॅक असल्याने माहोम्सला वर्षभर बसून शिकता आलं. तुमच्याकडे यातलं काय आहे? सगळं असेल तर जरूर द्या, मी स्वतः मदत करीन. क्वार्टरबॅकसाठी, भरलेल्या घरातून, मोजके पिक्स देणं फायद्याचं ठरतं. जायंट्सनी ईलाय मॅनिंगसाठी दिले, त्याने दोन सुपर बोल आणून दिले.

रनिंग बॅकसाठी चढणे

करू नका. विषय संपला.

तक्त्याला गीता मानणे

कोच जिमी जॉन्सनच्या काळात डॅलसच्या संघाने केलेला, कोणता पिक किती गुणांचा ते सांगणारा तक्ता, एक नंबरला ३००० गुण, दोनला २६००, अजून लोक छापून भिंतीला लावतात. तो तक्ता कोण कितीला विकतंय हे सांगतो. खेळाडू कितीचा हे त्यात नाही. शिवाय लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारानंतर वरच्या नवोदितांचे पगार कोसळले. २०१० च्या सॅम ब्रॅडफर्डला ५ कोटी डॉलरची हमी मिळाली होती, २०११ च्या कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सगळा करार मिळून सुमारे २.२ कोटींचा. वरच्या पिकचं गणितच बदललं. जुना तक्ता सौद्याची सुरुवात करायला ठीक, पुढे डोकं वापरा.

पिक्स मिळाले म्हणजे जिंकलो असं धरणे

ही उलट बाजूची चूक. २०११ मध्ये अटलांटाने हूलिओ जोन्ससाठी क्लीव्हलंडला पाच पिक्स दिले. जोन्स वर्षानुवर्षं लीगमधल्या सर्वोत्तम रिसीव्हरांत राहिला, एका मोसमात १,८७१ यार्ड. क्लीव्हलंडने त्यातून मिळालेल्या पहिल्या राउंडच्या पिकवर २८ वर्षांचा क्वार्टरबॅक ब्रँडन वीडन घेतला. पाच बिया मिळाल्या, पण पेरणारा शेतकरी कोण ते बघा. रॅम्सनीही ग्रिफिनच्या व्यवहारातल्या दोन नंबरवर ग्रेग रॉबिन्सन हा टॅकल (क्वार्टरबॅकला सांभाळणारा) घेतला, तो टिकला नाही.

आधीच देऊन बसला असाल तर

मोसमात मला येणारे निम्मे फोन या प्रकारचे असतात. पहिली गोष्ट, चूक भरून काढायला उरलेले पिक्स विकू नका. दुसरी, त्या पोरासाठी काय मोजलं ते विसरा आणि आज बाजारात काय मिळतंय ते विचारा. फोर्टीनाइनर्सनी तीन पहिल्या राउंडचे पिक्स मोजलेल्या लान्सला ऑगस्ट २०२३ मध्ये डॅलसला चौथ्या राउंडच्या एका पिकवर दिलं. केवढी नामुष्की! पण पर्डीला बसवून लान्सला खेळवत राहिले असते तर ती दुप्पट झाली असती.

आमचा तो पुण्याचा पोरगा मागच्या वर्षी परत आला. संघ तोच मागितला. मी वर्गणी घेतली आणि म्हटलं, एक पूर्ण वर्ष एकही पिक विकायचा नाही. त्याने विकला नाही. चौथ्या राउंडपर्यंत बसून राहिला आणि प्रत्येक नाव वहीत लिहीत होता.