बाहेरचा कॉल कोणत्या एक्स्चेंजमधून? जोडलेल्या पीबीएक्सवर काम शिकणाऱ्यांसाठी

पीबीएक्सच्या, म्हणजे ऑफिसच्या आतल्या टेलिफोन एक्स्चेंजच्या, कामात नवीन आलेल्या माणसाला एक्स्टेंशन तयार करणं, फोन रजिस्टर करणं, रिंग ग्रुप लावणं हे पटकन जमतं. गाडी अडते ती दोन ऑफिसांचे पीबीएक्स एकमेकांना जोडल्यावर. इकडून तिकडे एक्स्टेंशन लागतं, सगळे खूश होतात, आणि मग कोणीतरी म्हणतं, ‘आता शाखेतल्या लोकांना मुख्य ऑफिसच्या लाइनवरून बाहेर फोन करता आला पाहिजे.’ खरं काम इथून पुढे.

ही मागणी नवी नाही. एसआयपी, म्हणजे इंटरनेटवरून कॉल जोडायची पद्धत, यायच्या आधी मोठ्या कंपन्या दोन एक्स्चेंजमध्ये भाड्याची टाय लाइन घ्यायच्या, पुढे ई-वन आली, एका वायरवर ३० कॉल. तेव्हाही प्रश्न हाच होता: नंबर कोणी दाबला, कोणते अंक पुढे पाठवले आणि समोरच्या एक्स्चेंजने त्या अंकांचं काय केलं. वायर जाऊन इंटरनेट आलं तरी यातला एकही प्रश्न सुटलेला नाही. म्हणून नवख्यांना मी पहिल्यांदा एकच सवय लावायला सांगतो. कॉल पाठवणाऱ्या पीबीएक्सची स्क्रीन बघत बसू नका, घेणाऱ्या पीबीएक्सच्या बाजूला जाऊन बसा. तिथे नेमके कोणते अंक पोचले आणि ते कोणत्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे आलेल्या कॉलला लागू होणाऱ्या नियमांच्या कोणत्या गटात, उतरले, एवढं कळलं की बहुतेक गुंता तिथेच सुटतो.

एक उदाहरण धरू. मुख्य ऑफिसची एक्स्टेंशन २०० ते २९९, शाखेची ३०० ते ३९९. दोन्हीकडे अ‍ॅस्टरिस्क या पीबीएक्स सॉफ्टवेअरवर चालणारा, वेब स्क्रीनवरून सेट करायचा फ्रीपीबीएक्स. मुख्य ऑफिसमध्ये बाहेरच्या लाइनसाठी आधी ९ दाबतात. शाखेत ठरलं की ८ दाबून नंबर फिरवला तर कॉल मुख्य ऑफिसच्या ट्रंकवरून (पीबीएक्सला फोन कंपनीशी किंवा दुसऱ्या पीबीएक्सशी जोडणारी लाइन) बाहेर पडेल. शाखेच्या पीबीएक्सवर तुम्ही आउटबाउंड रूट (बाहेर जाणाऱ्या कॉलचा नियम) केला, ‘प्रीफिक्स’च्या रकान्यात ८ टाकला, मॅच पॅटर्न लिहिला, मुख्य ऑफिसकडे जाणारी ट्रंक निवडली. फोन लावला, तर समोरून मशीनचा आवाज: हा नंबर सेवेत नाही.

इथे नवीन माणूस शाखेचा रूट पुन्हा पुन्हा तपासत बसतो. या टप्प्यावर अडचण त्या रूटची नाही. कॉल मुख्य ऑफिसला पोचला, पण तिथे शाखेकडून येणाऱ्या ट्रंकचा कॉन्टेक्स्ट ‘फ्रॉम-ट्रंक’ ठेवलेला होता. या कॉन्टेक्स्टमध्ये आलेला कॉल हा बाहेरच्या जगातून आलाय असं पीबीएक्स समजतो आणि फक्त इनबाउंड रूटमध्ये, म्हणजे बाहेरून येणाऱ्या कॉलच्या नियमांत, शोधतो. ग्राहकाचा मोबाइल नंबर इनबाउंड रूटमध्ये कशाला असेल? कॉन्टेक्स्ट ‘फ्रॉम-इंटर्नल’ केला की तोच कॉल आतल्या एक्स्टेंशनसारखा वागतो आणि मुख्य ऑफिसचे आउटबाउंड रूट त्याला लागू होतात.

तरीही कॉल लागत नाही! कारण शाखेने ८ काढून टाकला आणि नुसता मोबाइल नंबर पुढे पाठवला. मुख्य ऑफिसचा रूट मात्र ९ ची वाट बघतोय. म्हणजे शाखेच्या रूटमध्ये ८ काढायचा आणि त्या जागी ९ जोडायचा. फ्रीपीबीएक्समध्ये ‘प्रीफिक्स’ म्हणजे ओळखून काढून टाकायचे अंक आणि ‘प्रिपेंड’ म्हणजे पुढे चिकटवायचे अंक. हे दोन रकाने शेजारी शेजारी आहेत आणि त्यांची अदलाबदल नवशिक्यांकडून हमखास होते. एका कागदावर तीन ओळी लिहा: माणसाने काय दाबलं, शाखेने काय पाठवलं, मुख्य ऑफिसने पुरवठादाराला, म्हणजे फोन कंपनीला, काय दिलं. आमच्या उदाहरणात ८ आणि नंबर, मग ९ आणि नंबर, मग नुसता नंबर. या तीन ओळी लिहिता येत नसतील तर कॉन्फिगरेशनला हात लावू नका.

पॅटर्नबद्दल थोडं. एक्स म्हणजे ० ते ९ मधला कोणताही अंक, झेड म्हणजे १ ते ९, एन म्हणजे २ ते ९, आणि शेवटी टिंब म्हणजे पुढे एक किंवा जास्त काहीही. टिंबाचा मोह फार होतो, कारण एका पॅटर्नमध्ये सगळं बसतं. पण फ्रीपीबीएक्समध्ये रूट वरून खाली तपासले जातात आणि जो पहिला जुळला तो कॉल घेऊन जातो. वरच कुठेतरी सैल पॅटर्नचा रूट असेल तर खालचा नेमका रूट नुसता शोभेला राहतो. थेट अ‍ॅस्टरिस्कच्या डायल प्लॅनमध्ये (अंकांचे नियम लिहायची फाइल) मात्र गणित वेगळं आहे. तिथे एकाच कॉन्टेक्स्टमधल्या पॅटर्नमधून जास्त नेमका असेल तो निवडला जातो, तुम्ही तो फाइलमध्ये वर लिहा नाहीतर खाली. इन्क्लूड केलेल्या (आत जोडून घेतलेल्या) कॉन्टेक्स्टची पाळी मूळ कॉन्टेक्स्टमध्ये काहीच जुळलं नाही तरच येते. एकावर शिकलेला माणूस दुसऱ्यावर गेला की इथे हमखास अडखळतो.

आता ‘फ्रॉम-इंटर्नल’कडे परत येऊ, कारण इंटरनेटवरच्या बहुतेक उत्तरांत ‘कॉन्टेक्स्ट बदला, चालेल’ एवढंच सांगून सोडून देतात. चालतं, हे खरं. पण त्या एका ओळीने तुम्ही शाखेच्या पीबीएक्सला मुख्य ऑफिसचे सगळे आउटबाउंड रूट देऊन टाकले, आंतरराष्ट्रीयसुद्धा. उद्या शाखेत कोणी सोप्या पासवर्डचं एक एक्स्टेंशन फोडलं तर तो चोर तुमच्या मुख्य ट्रंकवरून रात्रभर महागड्या परदेशी नंबरांवर कॉल करेल. असे हल्ले मुद्दाम रात्री आणि सुटीच्या दिवशी होतात, बिल बघायला कोणी नसतं म्हणून. माझं मत स्पष्ट आहे: शाखेसाठी वेगळा कॉन्टेक्स्ट करा आणि त्यात मुख्य ऑफिसची एक्स्टेंशन आणि जे रूट खरंच द्यायचे आहेत तेवढेच घाला. थोडं जास्त टायपिंग पडतं. शिवाय ट्रंक फक्त समोरच्या आयपी पत्त्यावरूनच कॉल घेईल असं बांधून टाका आणि एका वेळी किती कॉल जाऊ शकतात यावर मर्यादा घाला.

लूपबद्दल प्रत्येकाने एकदा तरी प्रयोगशाळेत बघून घ्यावं. समजा दोन्हीकडे ‘जे इथे सापडलं नाही ते समोर पाठव’ असा सैल रूट लावलाय. शाखेतून कोणी ४५० दाबला, जो कुठेच नाही. शाखा म्हणते माझा नाही, मुख्य ऑफिसला पाठवते. ते म्हणतं माझा नाही, शाखेला परत. काही सेकंदांत ट्रंकची सगळी चॅनेल भरतात आणि ज्यांचा याच्याशी काही संबंध नाही त्यांचेही कॉल लागेनासे होतात. एसआयपीमध्ये यासाठी मॅक्स-फॉरवर्ड्स नावाचा काउंटर आहे. मूळ मानकात, म्हणजे २००२ च्या आरएफसी ३२६१ मध्ये, त्याची सुरुवातीची किंमत ७० सुचवली आहे. प्रत्येक प्रॉक्सीवर, म्हणजे कॉल नुसता पुढे ढकलणाऱ्या सर्व्हरवर, तो एकने कमी होतो आणि शून्य झाला की ४८३ हा एरर कोड येतो. पण पीबीएक्स नुसता प्रॉक्सी नसतो. तो एका बाजूचा कॉल संपवून दुसऱ्या बाजूला स्वतःचा नवा कॉल उभा करतो, त्यामुळे काउंटर पुन्हा ७० वर जाऊ शकतो. काउंटरच्या भरवशावर राहू नका. समोर पाठवायच्या रूटमध्ये फक्त समोरचीच रेंज लिहा: मुख्य ऑफिसमधून ३०० ते ३९९, शाखेतून २०० ते २९९, आणि बाहेरच्यासाठी ठरलेला प्रीफिक्स. बस्स.

कॉल बाहेर पडला, आता समोरच्याला कोणता नंबर दिसतो? शाखेतलं एक्स्टेंशन ३१४ हे मुख्य ऑफिसमार्गे बाहेर पडताना कॉलर आयडी म्हणून ‘३१४’ घेऊनच निघतं. पुरवठादाराला तीन आकडी नंबर मान्य नसतो. काही जण तो बदलून मुख्य नंबर लावतात, काही कॉलच नाकारतात. इथे नवीन माणूस घाईघाईत दोन पीबीएक्समधल्या ट्रंकवरच सक्तीने कॉलर आयडी बदलतो, आणि मग आतल्या कॉललाही ३१४ ऐवजी कंपनीचा मुख्य नंबर दिसायला लागतो. बदल करायचा तो सगळ्यात शेवटच्या टोकाला, पुरवठादाराच्या ट्रंकवर. आणि ऑफिसा-ऑफिसातल्या रूटला फ्रीपीबीएक्समध्ये ‘इंट्रा-कंपनी’ची खूण करा, म्हणजे आतला नंबर तसाच राहतो.

तातडीच्या सेवांचे कॉल या सगळ्यापासून वेगळे ठेवा. शाखेतला आग किंवा अ‍ॅम्ब्युलन्सचा फोन मुख्य ऑफिसच्या लाइनवरून गेला तर तो भलत्याच गावच्या नियंत्रण कक्षात वाजतो आणि तिथे पत्ताही मुख्य ऑफिसचा दिसू शकतो. म्हणून प्रत्येक ठिकाणी निदान एक स्थानिक लाइन हवी, आणि हा रूट यादीत सर्वांत वर, प्रीफिक्सशिवाय. अमेरिकेत २०१३ मध्ये हॉटेलच्या खोलीत आईवर हल्ला होत असताना एक लहान मुलगी पुन्हा पुन्हा ९११ फिरवत राहिली, पण त्या खोलीतून बाहेर फोन लावायला आधी ९ दाबावा लागत होता. त्यानंतर तिथे ‘कॅरीज लॉ’ झाला, आणि फेब्रुवारी २०२० पासून नव्या यंत्रणांमध्ये प्रीफिक्सशिवाय ९११ लागलंच पाहिजे असं बंधन आलं. तुमच्या देशात असा कायदा असो वा नसो, रूट तसाच करा. तसंच, इंटरनेटवरून आणलेला कॉल दुसऱ्या गावच्या सार्वजनिक लाइनवर सोडायला काही देशांत निर्बंध आहेत, ते काम घेण्याआधी विचारून घ्या.

बँडविड्थचा हिशेब तोंडी करता आला पाहिजे. जी.७११ या कोडेकमध्ये (आवाज डेटात बदलायची पद्धत) दर २० मिलिसेकंदांना १६० बाइट आवाज जातो, त्यावर आयपी, यूडीपी आणि आरटीपीची ४० बाइट हेडर (पॅकेटवर लावलेली पत्त्याची माहिती). सेकंदाला ५० पॅकेट, म्हणजे एका दिशेला ८० किलोबिट. जी.७२९ मध्ये आवाज फक्त २० बाइट, पण हेडर तेवढीच, म्हणून २४ किलोबिट. शाखेचा कॉल मुख्य ऑफिसमध्ये इंटरनेटवरून येऊन पुन्हा इंटरनेटवरूनच पुरवठादाराकडे जात असेल, तर मुख्य ऑफिसच्या लाइनवर हा आकडा दुप्पट धरा. ‘दुपारी आवाज तुटतो’ या तक्रारीत मी आधी हाच हिशेब मांडतो.

लॉग वाचताना एसआयपीच्या पहिल्या ४०१ किंवा ४०७ या उत्तराला घाबरू नका. समोरचा पासवर्ड मागतोय, लगेच पासवर्डसह दुसरा इन्व्हाइट (कॉल सुरू करायचा निरोप) जातो, आणि हे रोजचंच आहे. ४०४ आला की अंक किंवा कॉन्टेक्स्ट चुकलाय, ४०३ म्हणजे परवानगी नाही, बहुतेक वेळा कॉलर आयडीमुळे किंवा आयपीमुळे. ४८८ म्हणजे कोडेक जुळले नाहीत. कॉल लागतो पण एकाच बाजूचा आवाज येतो, तर रूटिंगला हात लावू नका. तो नॅटचा (राउटरने पत्ते बदलण्याचा) किंवा आवाजाच्या आरटीपी पोर्टचा मामला आहे. सिग्नलिंग (कॉल जोडण्या-तोडण्याचे निरोप) ५०६० पोर्टवरून जातं, आवाज वेगळ्या पोर्टवरून, आणि फायरवॉलमध्ये दुसरा भाग उघडायचा राहिलेला असतो. दोन्हीकडे अ‍ॅस्टरिस्क असेल तर आयएएक्स-२ या जोडणीपद्धतीने हे दुखणं बरंचसं टळतं, कारण त्यात सिग्नलिंग आणि आवाज दोन्ही एकाच ४५६९ पोर्टवरून जातात. तपासायला एसएनग्रेप हे साधन शिकाच. त्यात इन्व्हाइटची पहिली ओळ उघडली की पोचलेले अंक समोर दिसतात.

शिकायला महागडं काही लागत नाही. एका लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन, दोन सॉफ्टफोन (कॉम्प्युटरवर चालणारे फोन) आणि पुरवठादार म्हणून तिसरा छोटा अ‍ॅस्टरिस्क, जो येईल त्या कॉलला नंबर वाचून दाखवतो. मग एकेक गोष्ट मुद्दाम मोडा. पुरवठादार बंद करून दुसऱ्या ट्रंकवर कॉल वळतो का बघा, आणि समोरचा फोन एंगेज असताना तो वळत नाही हेही बघा, कारण एंगेज म्हणजे ट्रंक बिघडलेली नव्हे. टेबलावरच्या खऱ्या फोनवर मात्र आणखी एक गोष्ट तपासा. त्याच्या आत स्वतःचा डिजिट मॅप (किती अंक झाले की नंबर पाठवायचा याचा नियम) असतो. तुम्ही पीबीएक्सवर कितीही चोख पॅटर्न लिहा, फोनने तीन अंक झाल्या झाल्या नंबर पुढे ढकलला तर ८ च्या मागचे दोनच अंक पोचतील, आणि पीबीएक्सचा लॉग बिचारा खरं तेच सांगत राहील.