उजनी धरणाच्या लाभक्षेत्रातील उसाला ठिबक किती वेळ चालवावे?

काळ्या जमिनीत सरी 5 फुटांची, ड्रिपर (थेंबाथेंबाने पाणी सोडणारी तोटी) 40 सेंमीवर, ताशी 2 लिटरचे धरा. एकरात साधारण 6,700 ड्रिपर बसतात, म्हणजे तासाला 3.3 मिमी पाणी.

समजा सोलापूरच्या उन्हाळ्यात उघड्या पात्रात मोजलेले दिवसाचे बाष्पीभवन 10 मिमी आहे. त्याला पात्र गुणांक (पात्रातला आकडा शेताला लागू करणारा) 0.7 आणि जोमदार वाढीतील उसाचा पीक गुणांक (त्या वाढीत पिकाला किती पाणी लागते ते सांगणारा) 1.1 यांनी गुणा. गरज येते 7.7 मिमी. वाटपातील दहा टक्के घट धरली तर मोटर 2 तास 35 मिनिटे. कागदावरचा हिशोब मात्र शेतात तपासावाच. लॅटरलच्या (ड्रिपर बसवलेल्या नळीच्या) सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी ड्रिपरखाली भांडे ठेवून 3 मिनिटांत 100 मिली पाणी भरते का पाहा. शेवटी 80 च भरत असेल तर वेळ वाढवू नका, सुरुवातीचा ऊस बुडेल. आधी फिल्टर धुवा, लॅटरलची टोके सोडून गाळ काढा.

बोअरच्या क्षारयुक्त पाण्याने ड्रिपरवर पांढरा थर धरतो. तो आम्ल प्रक्रियेने जातो. आम्ल नेहमी पाण्यात ओता, उलटे नाही. आणि क्लोरीनसोबत तर कधीच नाही, विषारी वायू तयार होतो.

कालव्याचे आवर्तन आले म्हणून सरी तुडुंब भरण्याची सवय सोडा. भारी जमिनीत निचरा मंद, मुळांना हवा मिळत नाही, क्षार वर येऊन जमीन चोपण (क्षारांमुळे घट्ट, पाणी न मुरणारी) होते. जास्तीचे पाणी शेततळ्यात घ्या.