पोर्शन झाला, पण पोरांना आलं का? वर्गातल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचायचं कसं

आज संध्याकाळी घरी गेल्यावर एक काम करा. हजेरी न बघता कोऱ्या कागदावर आपल्या वर्गातल्या सगळ्या मुलांची नावं आठवून लिहा, जशी आठवतील तशी, आडनाव नाही आठवलं तरी चालेल. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा माझ्याकडं चौथीचा वर्ग होता, पट ३१, आणि २६ नावांवर गाडी थांबली ती थांबलीच. दुसऱ्या दिवशी हजेरी उघडली तर राहिलेली पाचही पोरं रोज शाळेत येणारी, कधी त्रास न देणारी, खिडकीच्या बाजूला मागं बसणारी. दंगा करणारे सगळे आठवले होते, हुशार तर पहिल्या सहा-सात नावांतच येऊन गेले होते. आणि या पाचातल्या चौघांना जोडाक्षर आलं की पुढं वाचता येत नव्हतं, हे मला नोव्हेंबरमध्ये कळलं. जूनपासून माझ्यासमोर बसलेली पोरं होती ती. त्या रात्री मला झोप लागली नाही.

तो कागद फाडू नका. त्यातली शेवटची सात-आठ नावं आणि जी आलीच नाहीत ती, ही या महिन्याची तुमची पोरं. बाकीच्यांना शिकवायचं सोडा असं म्हणत नाही मी, पण वर्गात शिरल्यावर नजर आधी यांच्याकडं जायला पाहिजे. नाहीतर आपण काय करतो, जो मान हलवतो त्याच्याकडं बघून शिकवत राहतो, कारण तिथं बरं वाटतं, समजतंय असं वाटतं, आणि घंटा होते.

आता तासाचं बघू. टाचणवहीत, म्हणजे तासाची तयारी लिहायच्या वहीत, आपण सगळेच लिहितो, घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला पाहिजे ते), साधनं. ते लिहाच, तपासायला येतात. पण त्याच्या खाली पेन्सिलनं आपल्यासाठी एक ओळ लिहायची, की आज तास संपल्यावर कोण काय करून दाखवेल. "अपूर्णांक शिकवणे" ही ओळ नव्हे, त्यात फक्त मी काय करणार ते आहे. "मागच्या दोन ओळीतली पोरं कागदाच्या भाकरीचे चार सारखे भाग करतील आणि पाव मोठा का अर्धा ते सांगतील", ही ओळ. एवढं लिहिलं की तास आपोआप बदलतो, कारण मग तुम्हाला कागदाच्या भाकरी न्याव्याच लागतात, आणि मागच्या दोन ओळींत जाऊन उभं राहावंच लागतं.

हे भाकरीचं जरा सविस्तर सांगते कारण मला स्वतःला यातून खूप शिकायला मिळालं. मी फळ्यावर एक छेद चार आणि एक छेद दोन लिहिलं आणि विचारलं मोठं कोणतं, तर निम्म्याहून जास्त वर्ग म्हणाला एक छेद चार. का तर चार मोठे. मग मी विचारलं, घरी आईनं चतकोर भाकरी दिली का अर्धी, जास्त पोट कशानं भरेल? सगळे एका आवाजात अर्धी. चतकोर हा शब्द पोरांना घरून येतोय, दोन-तीन वर्षांच्या वयापासून येतोय, आणि आपण त्याला "एक छेद चार" नाव देऊन परका करून टाकला. मग रद्दी पेपरचे गोल कापले, प्रत्येकाला दोन, एकाची घडी घालून अर्धी, दुसऱ्याची दोनदा घडी घालून चतकोर, आणि त्या तुकड्यांवरच पोरांच्या हातानं १/२ आणि १/४ लिहून घेतलं. एक मुलगी, जी त्या न आठवलेल्या पाचातली होती, तिनं चार चतकोर जुळवून पुन्हा अख्खी भाकरी केली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "बाई, आठ केले तर अजून बारीक व्हतंय." तास संपला होता तरी मी बाहेर पडले नाही.

म्हणजे मुलाकडं जे आधीच आहे तिथून सुरुवात करायची. पण त्याच्याकडं काय आहे हे कळणार कसं, तर एकेकाला जवळ घेऊन. सामूहिक वाचनात कळत नाही, तिथं सगळ्यांचा आवाज असतो आणि पोरं पाठ म्हणतात. प्रथम या शिक्षणात काम करणाऱ्या संस्थेचं वाचन-गणित तपासायचं साधन बहुतेकांनी बघितलंय, २००५ पासून असर या मुलांना काय येतं ते बघणाऱ्या पाहणीत तेच वापरतात. अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात अंक ओळखणं, मग दोन अंकी संख्या, मग दशक मोडून करायची वजाबाकी, मग तीन अंकीला एक अंकीनं भागाकार. एका मुलाला चार-पाच मिनिटं लागतात. रोज सहा पोरं घेतली तर ३० च्या पटाला एक आठवडा. झाडाखाली नाहीतर व्हरांड्यात बसायचं, बाकीच्यांना स्वाध्याय देऊन. तीन गोष्टी पाळा, वाचताना मधे चुका सुधारायच्या नाहीत, दुसऱ्या पोरांसमोर घ्यायचं नाही, आणि चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही. मूल आपला चेहरा पुस्तकापेक्षा चांगलं वाचतं.

हे कुणाच्या उपक्रमाचं म्हणून करायचं असं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाच्या कर्तव्यातच लिहिलंय, प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता बघा आणि गरज असेल तर जादा शिकवा. निपुण भारत हे केंद्र सरकारचं अभियान ५ जुलै २०२१ ला आलं, त्यात तिसरीपर्यंत वाचन आणि पायाभूत गणित यायलाच पाहिजे असं आहे. उद्दिष्ट बरोबरच आहे. पण गोष्ट पातळीवर किती पोरं आहेत याचा आकडा लिंकवर भरला की काम संपलं असं होतं ना, तिथं माझा जीव तुटतो. आकडा भरायच्या आधी ज्या पोराला शब्दावर सोडलंय त्याच्याजवळ बसायचं असतं.

स्तर कळल्यावर रोज एक तास इयत्ता बाजूला ठेवा. तिसरी, चौथी, पाचवी एकत्र करून वाचनाच्या पातळीनं गट पाडा. पाचवीपर्यंत पट ६० च्या आत असला तर दोनच शिक्षक असतात, मग बहुवर्ग, म्हणजे एकाच शिक्षकाकडं दोन-तीन इयत्ता, तर आहेच, त्याचाच असा उपयोग करून घ्यायचा. एकानं अक्षर-शब्दवाले घ्यायचे, दुसऱ्यानं परिच्छेद-गोष्टवाले. गटांना अ, ब, क नावं देऊ नका, झाडांची द्या, नद्यांची द्या. आणि दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा बघून मूल पुढच्या गटात न्या, कारण गट कायमचा झाला की तो शिक्काच बसतो. "हे पोरगं ढ आहे" हे स्टाफरूममध्ये पण बोलायचं बंद करा, तिथून ते वर्गात येतंच.

आता चुका. वही तपासताना आपण लाल पेनानं फुली मारतो आणि पुढं जातो, पण फुलीच्या जागी एक प्रश्न विचारून बघा, "हे कसं केलंस, मला सांग ना." ६२ वजा २७, उत्तर ४५. दर वर्षी वर्गात चार-पाच जणांचं हेच येतं. निष्काळजीपणा वाटतो, पण पोरानं नियम लावलाय, मोठ्यातून लहान वजा करायचं, म्हणून सातातून दोन गेले पाच, सहातून दोन गेले चार. आपणच पहिलीत शिकवलं होतं की मोठ्यातून लहान जातं. अशा मुलाला आणखी वीस वजाबाक्या दिल्या तर तो वीसही तशाच करेल आणि चूक पक्की होईल. त्याच्या हातात काड्या द्या, दहादहाचे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या, रबर लावलेले, आणि म्हणा सत्तावीस मला दे. दोन सुट्यांतून सात देता येत नाहीत, तो थांबतो, तुमच्याकडं बघतो, आणि तुम्ही काहीच बोलायचं नाही. थोड्या वेळानं तो स्वतः एका गठ्ठ्याचं रबर काढतो. ते रबर त्यानंच काढायला पाहिजे. शेवटी तीन गठ्ठे आणि पाच काड्या उरतात, आणि मग वहीतल्या ४५ कडं तो स्वतःच बोट दाखवतो.

दुसरं उदाहरण बेचाळीसचं. बेचाळीस म्हणलं की कानाला आधी "बे" येतं म्हणून पोरं २४ लिहितात, आणि एकोणपन्नासमध्ये पन्नास ऐकू येतं म्हणून ५९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन अशी वाचायची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, मराठी बुडाली म्हणून. माझं मत सांगते, दोन्ही शिकवा. आधी चाळीस दोन म्हणत गठ्ठे मांडू द्या, मग त्यालाच बेचाळीस म्हणतात हे सांगा. तांड्यावरच्या, पाड्यावरच्या मुलांना तर याची फारच गरज असते, त्यांना घरी मराठी नसते. माझ्याकडं गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली बोलणारी पोरं आहेत. आई शब्दाचं चित्र दाखवलं तर पहिलीतलं पोर गप्प, बाजूची मोठी बहीण म्हणाली "याडी", आणि पोराचा चेहरा खुलला. त्या दिवसापासून भिंतीवर चित्रांखाली दोन शब्द आहेत, एक मराठी, एक त्यांचा, आणि त्यांचा शब्द मला पोरांनी शिकवलाय. तुमच्याकडं कोरकू असेल, गोंडी असेल, भिली, कातकरी, जे असेल ते, पन्नासेक शब्द तरी शिका. पोरं घरी जाऊन सांगतात, बाईला आपलं बोलायला येतंय.

प्रश्न विचारल्यावर थांबा, हे तर उद्यापासून करण्यासारखं आहे आणि पैसा लागत नाही. अमेरिकेत मेरी बड रो नावाच्या अभ्यासक होत्या, त्यांनी १९७० च्या दशकात वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून दाखवलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एकच सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर उत्तरं मोठी येतात, जास्त पोरं बोलतात. तीन सेकंद वर्गात फार मोठे वाटतात. मनात एक, दोन, तीन म्हणा, हात वर करणाऱ्यांना हात खाली ठेवायला सांगा, आधी शेजाऱ्याला उत्तर सांगा म्हणा, आणि मग नाव घ्या, त्या शेवटच्या सातातलं. नाही आलं तर "ठीके, मी पुन्हा येते तुझ्याकडं" म्हणा आणि खरंच पुन्हा जा. पुन्हा गेला नाहीत तर ते पोर पुढच्या वेळी तुमच्यावर विश्वास ठेवत नाही.

गैरहजर पोरांचं वेगळं. आमच्याकडं दिवाळीनंतर निम्मं गाव कोयत्याला जातं, आईबाप उसाला, आणि पोरं कधी बरोबर कधी आजीजवळ. आजीजवळ ठेवायचं असेल तर हंगामी वसतिगृह सुरू होतं, त्यासाठी पालक जायच्या आधी, म्हणजे दसऱ्याच्या आसपासच घरोघर जाऊन बसावं लागतं, पोरं गाडीत बसल्यावर काही करता येत नाही. जी जातातच त्यांच्या दप्तरात एक कार्ड ठेवा, पोराला कुठपर्यंत येतंय ते चार ओळीत, म्हणजे तिकडं जवळच्या शाळेत गेलं तर तिथल्या गुरुजींना कळेल. आठवड्याला एक फोन, फडावर रेंज असते तेव्हा, रात्री आठनंतर. फोनवर अभ्यास विचारू नका, काय चाललंय विचारा, काय खाल्लं विचारा. मार्च-एप्रिलमध्ये पोर परत येतं तेव्हा पहिल्या दिवशी "कुठं होतास इतके दिवस" म्हणायचं नाही, त्याची बसायची जागा रिकामी ठेवलेली असावी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ मध्ये बालशिक्षणाचं काम सुरू केलं, पुढं कोसबाडला गेल्या, तिथं गुरं राखणारी आदिवासी पोरं शाळेत येईनात तर त्यांनी शाळाच कुरणात नेली, कुरणशाळा. त्या मानानं आपल्याला एक फोन लावायचाय.

वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न तुम्ही विचारणारच आणि तो खराय. बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, ग्रुपवर दुपारी बाराला मेसेज की एक वाजेपर्यंत माहिती भरा. मी एवढंच करते, परिपाठानंतरचा पहिला तास मोबाईल कपाटात ठेवते. हे मुख्याध्यापकांना आणि केंद्रप्रमुखांना आधीच सांगून ठेवलंय, ग्रुपच्या आड लपून नाही, समोर बोलून. दोन-तीनदा बोलणी खाल्ली, पण तो तास वाचला. आणि एका सोबत्याला धरा, दर शनिवारी शाळा सुटल्यावर दहा मिनिटं फक्त एका पोराबद्दल बोला, एकाच. दोघांना मिळून जे दिसतं ते एकट्याला दिसत नाही.

महिना संपला की पुन्हा कोरा कागद घ्या आणि नावं लिहा. क्रम बदललेला दिसेल, आणि मागं नवीन नावं गेलेली असतील. मग त्यांचा महिना.

शेवटचं, एप्रिलमधल्या वर्णनात्मक नोंदी. "प्रगती समाधानकारक", "नियमित अभ्यास करावा" हे लिहिलं की पुढच्या बाईंना जूनमध्ये सगळं पहिल्यापासून शोधावं लागतं. त्याऐवजी प्रत्येक पोराबद्दल तीन-चार ओळी त्यांच्यासाठी लिहून हातात द्या. त्या भाकरीवाल्या मुलीबद्दल मी लिहिलं होतं, "परिच्छेद वाचते, जोडाक्षराला थांबते, तिथं मदत करू नका, दम धरा, ती वाचते. वजाबाकी काड्यांनी येते, वहीत अजून चुकते. लहान भावाला सांभाळते म्हणून सोमवारी उशीर होतो, बाहेर उभं करू नये. पहिल्या ओळीत बसवा."