रास्पबेरी पायवर जुने गेम अडखळतात? इम्युलेटर बदलण्याआधी या चुका टाळा

गेम अडखळतो, आवाज फाटतो, नाहीतर गेम निवडला की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि पुन्हा यादी समोर येते. अशा वेळी पहिला हात जातो तो सेटिंगकडे. कोणी इम्युलेटर (जुन्या कन्सोलची नक्कल करणारा प्रोग्राम) बदलतं, कोणी ओव्हरक्लॉक करतं, म्हणजे प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने पळवतं, कोणी कार्ड पुसून सगळं पहिल्यापासून टाकतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. रास्पबेरी पाय हा एका छोट्या बोर्डावरचा कॉम्प्युटर. त्याच्या तिसऱ्या पिढीत, म्हणजे पाय ३ मध्ये, १.२ गिगाहर्ट्झचे चार कोर आहेत. ८ बिट आणि १६ बिट काळातले बहुतेक गेम त्याला अजिबात जड नाहीत. तिथे साधा मारिओ अडखळत असेल तर दुखणं बहुधा वीज, कार्ड किंवा फाइल यांपैकी एकात असतं. म्हणून तपासणी याच क्रमाने करा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. पुढची माहिती रेट्रोपाय हे पायवर जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर धरून दिली आहे. तशाच रिकलबॉक्स आणि बाटोसेरा यांच्यातही आत रेट्रोआर्चच (इम्युलेटर चालवणारा प्रोग्राम) असल्यामुळे यातलं बरंचसं तिथेही लागू पडतं.

मोबाइलचा चार्जर

पाय ३ ला ५.१ व्होल्टवर २.५ अँपिअर, पाय ४ ला ३ अँपिअर आणि पाय ५ ला ५ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. घरात पडलेल्या मोबाइल चार्जरवर बोर्ड सुरू होतो, मेनू दिसतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. गेम सुरू होऊन प्रोसेसरवर ताण आला की व्होल्टेज बसतं. ते ४.६३ च्या खाली गेलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात पिवळ्या विजेचं चिन्ह येतं आणि बोर्ड स्वतःचा वेग कमी करतो. गेम अडखळतो तो यामुळे.

चार्जरवरचा वॉटचा आकडा बघून फसू नका. ६५ वॉटचा चार्जर ती ताकद २० व्होल्टवर देतो. ५ व्होल्टवर तो बहुतेक वेळा ३ अँपिअरवरच थांबतो आणि पायला ५ व्होल्टच चालतात. पाय ५ ला ३ अँपिअरचा अडॅप्टर लावला तर तो यूएसबी पोर्टना मिळून फक्त ६०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे बाहेरची हार्डडिस्क गेलीच.

केबलकडे तर कोणी बघतच नाही. स्वस्त केबलमध्ये विजेच्या तारा २८ गेजच्या असतात. अशा तारेचा रोध मीटरला साधारण ०.२१ ओहम असतो. जाऊन-येऊन १ मीटरच्या केबलचा झाला ०.४३ ओहम. बोर्डाने १ अँपिअर खेचला की ०.४३ व्होल्ट केबलमध्येच जिरतात आणि ५ चे ४.५७ उरतात. अडॅप्टर चांगला असला तरी चिन्ह चमकू शकतं. २० गेजच्या तारेत हीच घट ०.०७ व्होल्टची असते. जाड आणि आखूड केबल घ्या, किंवा केबल जोडूनच येणारा अधिकृत अडॅप्टर घ्या.

काही तयार इमेजमध्ये (सगळ्या कार्डाची जशीच्या तशी प्रत) हे चिन्ह लपवलेलं असतं. म्हणून एफ४ दाबून टर्मिनलवर या आणि 'व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड' ही कमांड द्या. पहिल्या शब्दाची अक्षरं व्ही, सी, जी, ई, एन, सी, एम, डी अशी आहेत. उत्तरात 'शून्य एक्स'पुढे नुसतं ० आलं तर वीज आणि तापमान दोन्ही ठीक. ५०००० आलं तर बोर्ड सुरू झाल्यापासून कधीतरी व्होल्टेज पडलं आणि वेग कापला गेला. ५०००५ आलं तर ते या क्षणीही चालू आहे. रीस्टार्ट केलं की ही नोंद पुसली जाते. म्हणून आधी दहा-पंधरा मिनिटं एखादा जड गेम खेळा आणि मगच कमांड द्या.

उत्तरात पहिला आकडा ८ असेल तर प्रश्न उष्णतेचा आहे. पाय ३ बी प्लस ६० अंशांनाच १.४ वरून १.२ गिगाहर्ट्झवर उतरतो आणि ८० अंशांच्या पुढे सगळेच बोर्ड वेग कापतात. बंद प्लॅस्टिकच्या डबीत पाय ४ ठेवायचा तर हीटसिंक हवाच. पाय ५ ला पंखा लावा.

'फॉरमॅट करायचं का?' यावर हो म्हणू नका

गेम टाकण्यासाठी कार्ड विंडोजच्या कॉम्प्युटरला लावलं की एक खिडकी उघडते: हे डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावं लागेल. कार्ड बिघडलेलं नसतं. त्यातला मोठा भाग एक्स्ट४ पद्धतीचा असतो आणि तो विंडोजला वाचता येत नाही, एवढंच. हो म्हटलंत तर सगळं गेलं. गेम नेहमी पेनड्राइव्हमधून टाका. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा, त्यात 'रेट्रोपाय' नावाचा फोल्डर इंग्रजी लहान अक्षरांत बनवा आणि तो चालू बोर्डाला लावा. दिव्याची लुकलुक थांबेपर्यंत थांबा. आत फोल्डरांची रचना आपोआप तयार होते. मग कॉम्प्युटरवर त्या-त्या कन्सोलच्या फोल्डरात फाइली टाका आणि पेनड्राइव्ह पुन्हा बोर्डाला लावा. गेम यादीत दिसले नाहीत तर इम्युलेशनस्टेशन (गेमची यादी दाखवणारा मेनू) रीस्टार्ट करा. ज्या फोल्डरात एकही चालणारी फाइल नाही, तो कन्सोल मेनूत येतच नाही.

कार्ड घेताना नामांकित कंपनीचं ३२ जीबीचं, ए१ दर्जाचं घ्या, पण अस्सल घ्या. स्वस्तात मिळणारं ५१२ जीबीचं कार्ड बरेचदा आतून खूप लहान असतं आणि खरी जागा भरली की आधीच्या फाइलींवरच लिहू लागतं. नवं कार्ड विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यूने किंवा लिनक्सवर एफ३ ने पूर्ण भरून तपासा. वेळ लागतो, पण एकदाच.

हजारो गेम भरून विकली जाणारी कार्डं घेऊच नका. त्यातले गेम चोरलेले असतात. शिवाय रेट्रोपायमधल्या काही इम्युलेटरांचा परवाना विक्रीला मनाई करतो. भरीला कोणत्या आवृत्तीच्या फाइली कोणत्या इम्युलेटरसाठी आहेत याचा कसलाच पत्ता त्यात नसतो. तुमच्याकडच्या कॅसेट, सीडी आणि कन्सोलमधून काढलेल्या फाइली वापरा.

'मुस्तफा' का सुरू होत नाही

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो इथे. आपल्याकडच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये जो गेम सगळे 'मुस्तफा' म्हणून ओळखायचे, तो कॅपकॉमचा १९९३ चा 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स'. मुस्तफा हे त्यातल्या एका खेळाडूचं नाव. त्याच्या फाइलचं नाव 'डिनो.झिप', इंग्रजीत डी, आय, एन, ओ. फाइल योग्य फोल्डरात आहे, नाव बरोबर आहे, तरी गेम क्षणभर डोळा मिचकावून परत यादीत येतो. का?

घरच्या कन्सोलच्या कॅसेटमधून बहुधा एकच फाइल निघते. आर्केडचं, म्हणजे पार्लरमधल्या गेमचं, तसं नाही. त्या मोठ्या पेटीतल्या बोर्डावर प्रोग्रामच्या, चित्रांच्या आणि आवाजाच्या वेगवेगळ्या चिप असतात आणि झिपमधली प्रत्येक फाइल म्हणजे त्यातली एक चिप. मेम हा इम्युलेटर झिप उघडून प्रत्येक फाइलचं नाव आणि तिची सीआरसी बेरीज (फाइल तीच आहे का ते पडताळणारा आकडा) स्वतःच्या यादीशी ताडून बघतो. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत कित्येक चिप पुन्हा वाचल्या गेल्या, चुका दुरुस्त झाल्या, राहिलेल्या चिप जोडल्या गेल्या, फाइलींची नावं बदलली. म्हणजे २००३ च्या यादीप्रमाणे बरोबर असलेली झिप आजच्या यादीप्रमाणे अपुरी ठरू शकते, आणि उलटही.

पायवर हलके पडतात म्हणून मेमच्या जुन्या आवृत्त्याच वापरल्या जातात. मेम४ऑलला मेमच्या ०.३७बी५ आवृत्तीचा संच (त्या यादीशी जुळणाऱ्या झिप फाइली) लागतो, मेम२००३ ला ०.७८ चा आणि मेम२०१० ला ०.१३९ चा. मेम२००३-प्लस ०.७८ वर उभा आहे, पण त्यात नंतरच्या बऱ्याच सुधारणा आणि गेम आहेत, म्हणून त्याचा संच वेगळा धरा. फायनलबर्न निओ या दुसऱ्या आर्केड इम्युलेटरला मात्र नेहमी त्याच्या ताज्या यादीशी जुळणारा संच हवा. आधी इम्युलेटर ठरवा आणि मग त्या आवृत्तीचा संच जमवा. उलट्या क्रमाने गेलात तर एक गेम चालेल आणि तीन बंद पडतील. पाय ३ आणि पाय ४ वर सुरुवात फायनलबर्न निओ किंवा मेम२००३-प्लसने करावी, हे आमचं स्पष्ट मत.

झिप उघडू नका आणि तिचं नाव बदलू नका. 'डिनो'चं 'मुस्तफा.झिप' केलंत तर इम्युलेटर तिला ओळखणारच नाही, कारण गेमची ओळख नावावरूनच पटते. यादीत 'मुस्तफा' दिसायला हवं असेल तर इम्युलेशनस्टेशनमध्ये त्या गेमवर सिलेक्ट दाबून मेटाडेटामधलं नाव बदला, फाइल तशीच राहू द्या.

दुसरी अडचण मूळ आणि उपप्रतीची. 'डिनोयू' ही अमेरिकी आणि 'डिनोजे' ही जपानी आवृत्ती. 'स्प्लिट' संचात या उपप्रतींमध्ये फक्त बदललेल्या चिप असतात, बाकीच्या 'डिनो.झिप'मधून घेतल्या जातात. मूळ झिप त्याच फोल्डरात नसेल तर उपप्रत चालत नाही. हा गुंता नको असेल तर 'नॉन-मर्ज्ड' संच घ्या. त्यात प्रत्येक झिप बहुतेक स्वयंपूर्ण असते, फक्त जागा जास्त लागते. 'मेटल स्लग' आणि 'किंग ऑफ फायटर्स ९७' हे निओ जिओ बोर्डावरचे गेम. त्यांच्या शेजारी 'निओजिओ.झिप' ही बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) फाइलही लागते, तीही त्याच आवृत्तीची.

नेमकी कोणती चिप जुळत नाही हे अंदाजाने शोधू नका. गेम बंद पडल्यावर रेट्रोपाय 'डेव्ह' फोल्डरातल्या 'एसएचएम'मध्ये 'रनकमांड.लॉग' ही फाइल लिहितं. बऱ्याच वेळा न सापडलेल्या फाइलींची नावं तिथे ओळीने मिळतात. लॉग रीस्टार्टला पुसला जातो, म्हणून लगेच वाचा.

प्लेस्टेशन: गेम चालतो, संगीत नाही

'बिन' फाइलमध्ये डेटा असतो आणि 'क्यू' ही छोटी मजकूर फाइल डिस्कवर कोणता ट्रॅक कुठे आहे ते सांगते. गेम थेट 'बिन'वरून सुरू केला तर ऑडिओ ट्रॅक सापडत नाहीत आणि संगीत गायब होतं. नेहमी 'क्यू' उघडा. 'बिन'चं नाव बदललंत तर 'क्यू' साध्या एडिटरमध्ये उघडून 'फाइल' या शब्दापुढे अवतरणात असलेलं नावही बदला, अगदी स्पेस आणि अक्षराच्या लहान-मोठेपणासकट. बायोसच्या बाबतीतही तेच. अमेरिकी गेमसाठी 'एससीपीएच५५०१.बिन', इंग्रजी लहान अक्षरांत, बरोबर ५,२४,२८८ बाइटची. पायवर लिनक्स चालतं आणि त्याला मोठं 'एस' आणि लहान 'एस' वेगळे. एकाहून जास्त डिस्क असतील तर सगळ्या 'क्यू' फाइलींची नावं एकाखाली एक लिहून 'एम३यू' फाइल बनवा, म्हणजे डिस्क खेळताखेळता बदलता येते.

सेव्ह केलं होतं, तरी गेलं

गेममध्ये 'सेव्ह' केलं की ते कार्डावर लगेच लिहिलं जातं, हा समज चुकीचा आहे. रेट्रोआर्च ते मेमरीत ठेवतं आणि गेममधून नीट बाहेर पडल्यावरच 'एसआरएम' फाइलमध्ये उतरवतं. थेट प्लग काढला किंवा लाइट गेली तर तेवढ्या वेळचा खेळ गेला, आणि कार्डावर नेमकं लिहिणं चालू असेल तर कार्डही. सिलेक्ट आणि स्टार्ट एकत्र दाबून बाहेर या, मग मेनूतून शटडाउन करा आणि हिरवा दिवा शांत झाल्यावर प्लग काढा. शिवाय रेट्रोआर्चच्या सेव्हिंग विभागात 'ऑटोसेव्ह इंटरव्हल' ६० सेकंद ठेवा. लाइटचा भरवसा नसलेल्या गावात हे पहिल्या दिवशीच करावं. सेव्ह स्टेटवर (त्या क्षणीची गेमची पूर्ण स्थिती साठवणारी इम्युलेटरची फाइल) एकट्यावर विसंबू नका. इम्युलेटर बदलला की ती बहुधा उघडत नाहीत, 'एसआरएम' मात्र बरेचदा चालते.

लहानपणीपेक्षा गेम वेगात पळतोय

हा बिघाड नसतो. भारतातले तेव्हाचे टीव्ही पाल पद्धतीचे, ५० हर्ट्झचे. त्या टीव्हींसाठी बनलेले बहुतेक नकली कन्सोल सेकंदाला ५० चित्रं दाखवायचे. इम्युलेटर अमेरिकी फाइल ६० ने चालवतो, म्हणजे २० टक्के जलद. 'कॉन्ट्रा'चं संगीतही त्यामुळे घाईचं वाटतं. तीच जुनी चाल हवी असेल तर एफसीईयूएमएम या कोरच्या (रेट्रोआर्चमधल्या निन्टेन्डो इम्युलेटरच्या) पर्यायांत रीजन 'डेंडी' (५० हर्ट्झच्या नकली कन्सोलची पद्धत) करा आणि टीव्ही ५० हर्ट्झ घेत असेल तर गेम सुरू होतानाच्या रनकमांड मेनूतून तो मोड निवडा. नाहीतर ५० चित्रं ६० च्या पडद्यावर बसवताना हालचाल धक्के खाते. युरोपीय फाइली ६० हर्ट्झच्या टीव्हीवर अडखळतात त्याचंही कारण हेच.

बटण दाबल्यावर उडी उशिरा बसत असेल तर आधी टीव्हीचा गेम मोड चालू करा, मग रेट्रोआर्चमधला 'थ्रेडेड व्हिडिओ' बंद करा. तेवढ्याने भागलं नाही तर रन-अहेड, म्हणजे काही चित्रं आधीच मोजून उशीर कमी करणारी रेट्रोआर्चची सोय, वापरा. कीबोर्डवर पी दाबून गेम थांबवा, उडीचं बटण धरून ठेवा आणि के दाबत एकेक चित्र पुढे सरकवा. ज्या चित्राला खेळाडू हलतो, त्याहून एक कमी आकडा रन-अहेडमध्ये भरा. जास्त भरलात तर खेळाडू उड्या मारत सरकतो.

वायरलेस कंट्रोलरचा डोंगल पाय ४ च्या निळ्या पोर्टला लावू नका. यूएसबी ३ चा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो आणि त्याच्याच शेजारी हार्डडिस्क असेल तर बटणं गळतात. काळा पोर्ट वापरा. कंट्रोलर सेट करताना हॉटकी (दुसऱ्या बटणासोबत दाबून बाहेर पडणं वगैरे कामं करणारं बटण) म्हणून सिलेक्टच द्या. उडीचं बटण हॉटकी झालं तर उडी मारता मारता गेम बंद होतो.

सगळं जमलं की कार्डाची इमेज कॉम्प्युटरवर काढून ठेवा, तीही 'अपडेट' दाबायच्या आधी. इम्युलेटर अपडेट झाला की फायनलबर्न निओची यादी बदलते आणि काल चालणारी झिप आज नाकारली जाऊ शकते. इमेज परत टाकताना एक अडचण येते: दोन कंपन्यांची ३२ जीबीची कार्डं काही मेगाबाइटनी लहान-मोठी असतात आणि मोठ्याची इमेज लहान कार्डात बसत नाही. म्हणून नवं कार्ड त्याच कंपनीचं घ्या, नाहीतर एक पायरी मोठं.